भिंतीला टांगलेली माळ

स्मरणिका समितीचं पत्र आलं. 'शाळेने मला काय दिलं' यावर लिहा, असं त्यात होतं. बाकीचे शिस्त, संस्कार, मैत्री यांवर लिहितीलच, आणि ते खरंही असेल. मला आपल्या शाळेने नास्तिक केलं. हे छापायला समितीला जड जाईल असं वाटून मी आधी फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, "लिहा ना भाऊ, जाहिरातींच्या पानांमध्ये टाकून देऊ." म्हणून लिहितो.

माझी दहावी १९८४ ची. घर नागपूरच्या जुन्या शुक्रवारीत, गांधीसागर तलावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. घरात देवांची वर्दळ भरपूर. आजीचा सोमवार, आईचे गुरुवार, चतुर्थीला टेकडीचा गणपती, आणि कोणी आजारी पडलं की ताजबागेला ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यात चादर. हिंदू-मुसलमान असा भेद आजीच्या नवसांमध्ये नव्हता. जो पावेल तो आपला. मीही पुरता भाविक होतो. वहीच्या प्रत्येक पानावर 'श्री' काढल्याशिवाय गणित सुटणार नाही, अशी माझी खात्री होती. तरी गणित सुटायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

१९८२ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या काकाला कावीळ झाली. काका गिरणीत होता, लग्नाचा होता, मला सायकल त्याने शिकवली होती. डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी घरात हळद-तेल बंद झालं, उसाचा रस सुरू झाला आणि ओळखीतल्या एका म्हाताऱ्याकडून मंत्रून आणलेली माळ त्याच्या डोक्यावर ठेवली. ही माळ विदर्भात जुन्या लोकांनी तरी पाहिलेलीच असेल. पहिल्या दिवशी ती टोपीच्या काठासारखी डोक्यावर बसते, मग रोज थोडी वाढत गळ्यात उतरते, पुढे छातीपर्यंत येते. माळ वाढली म्हणजे कावीळ उतरली. काकाची माळ झपाट्याने वाढत होती. आजी शेजारणींना बोलावून दाखवायची. काका म्हणायचा, "काही होत नाही गा, पिवळी नजर आहे, उतरते." माळ बेंबीपर्यंत आली त्या रात्री तो बरळायला लागला. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. परत आणला तो झाकूनच.

तेव्हा मी देवावर रागावलो नाही. आमच्याकडून काहीतरी राहून गेलं असेल, म्हणून उलट जास्तच भक्ती केली.

पुढच्या वर्षी, दहावीत, विज्ञानाच्या सरांनी एका शनिवारी प्रयोगशाळेत आम्हाला जमवलं. श्याम मानवांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ मध्ये नागपुरातच सुरू केली होती, आणि त्या वातावरणाचा वारा सरांपर्यंत पोचला असावा. त्यांनी पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीनचे थेंब टाकून 'मंत्राने' अग्नी पेटवला. लिंबातून रक्त काढलं. टाळ्या पडल्या. मग सरांनी दप्तरातून दोन माळा काढल्या. एक आमच्यातल्या ठणठणीत, गुबगुबीत पोराच्या डोक्यावर ठेवली, दुसरी फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगली. पोराने ती सोमवारपर्यंत सांभाळायची होती.

सोमवारी दोन्ही माळा मोजल्या. दोन्ही सारख्याच वाढल्या होत्या. मागून कोणीतरी ओरडलं, "सर, भिंतीला कावीळ झाली!" आणि अख्खा वर्ग हसला. सरांनी समजावलं: ओल्या काड्यांचे छोटे तुकडे दोऱ्याच्या गाठींमध्ये अडकवून माळ करतात. काड्या सुकल्या की आक्रसतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो. माळेला रोगी लागतच नाही. वर हेही सांगितलं की कावीळ हे लक्षण आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून श्रेय माळेला जातं. ज्यांचं यकृत खरंच निकामी व्हायला लागतं त्यांचीही माळ तेवढीच वाढते.

मी हसलो नाही. त्या बेंचावर बसल्या बसल्या माझा देव गेला. दुःख झालं नाही, संताप आला. आम्हाला सगळ्यांना कोणीतरी मूर्ख बनवलं होतं, आणि मी वर्षभर त्याचेच आभार मानत होतो.

हा संताप पुढे बरीच वर्षं टिकला. प्रसाद घ्यायचा नाही, आरतीच्या वेळी मुद्दाम चप्पल घालून बाहेर निघायचं, लग्नात भटजींना मंत्राचा अर्थ विचारायचा. आई म्हणायची, "नको मानू बापा, पण ताट तर धर." मी ताटही धरत नव्हतो. नातेवाईक मला बोलवायचे ते घाबरत घाबरत. तो राग खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. एक माणूस गेला होता. नुसतं समजूतदार राहून त्या वयात मला काही शिकता आलं नसतं, असंच माझं मत आहे.

पण एक गोष्ट तेव्हापासून खटकत होती. ज्या सरांनी माळ उघडी पाडली, ते दर मंगळवारी शाळेत येण्याआधी टेकडीच्या गणपतीला जायचे. कपाळावर शेंदूर तसाच. मला ही सरळ सरळ गद्दारी वाटायची.

सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरी गेलो तेव्हा हे विचारून टाकलं. मी तोवर सिव्हिल लाइन्समधल्या महालेखाकार कार्यालयात लागलो होतो. सर चिडलेच. म्हणाले, "तू ऑडिटवाला ना? सरकारी पैसा कुठे गेला ते तपासतोस. माझं पाकीट कशाला तपासतोस?" मग चहा आला, राग निवळला. म्हणाले, "माळ वाढते म्हणून औषध देऊ नका असं कोणी म्हटलं, तर मी भांडतो. मी सकाळी हात जोडतो, त्याने कोणाचं सलाईन थांबतं का?" मला ते पटलं नाही. मी त्यांना सांगितलंही. पण घरी येताना जाणवलं, की या माणसाशी माझं भांडण नाही.

मराठीच्या बाईंनी आगरकर शिकवताना सांगितलेलं असंच एक नंतर आठवलं. आगरकर मॅट्रिक अकोल्याहून झाले, म्हणजे आपल्याकडचेच म्हणायचे. देव न मानणारा एवढा कडक माणूस, पण पत्नी यशोदाबाईंच्या पूजेअर्चेच्या आड ते आले नाहीत. वर्गात ऐकताना मला तो त्यांचा कमजोरपणा वाटला होता.

मला खरा धक्का नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत बसला. वर्गातल्या मित्राकडे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जेवायला जायची माझी जुनी सवय. त्याच्या आजीने १९५६ च्या १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी दिलेली बावीस प्रतिज्ञांची दीक्षा मैदानावर उभी राहून घेतली होती, लाखोंच्या त्या गर्दीत. घरी येऊन देव टोपलीत भरले आणि विसर्जन केले, असं ती सहज सांगायची. मी एकदा विचारलं, आजी, तुम्हाला राग येत नव्हता? ती म्हणाली, "राग होता म्हनून तं सोडले. सोडल्यावर कायचा राग? पोरायले शिकवाचं होतं." जिला पिढ्यांचा हिशेब मागायचा हक्क होता, ती असं बोलत होती. माझा राग एका घरातला, एका माणसापुरता. दोन्हींची तुलना करणं बरोबर नाही आणि मी करत नाही. पण तिने देव एकदाच सोडले होते, मी रोज सोडत होतो, एवढं तिच्या ओसरीवर कळलं.

काकाचा विषय घरात कोणी काढत नसे. बाबा गेल्यानंतर आईनेच काढला. ती म्हणाली, माळेच्या तिसऱ्या दिवशीच बाबांनी रिक्षा बोलावली होती. काकाच बसला नाही. बदली कामगार होता, खाडे झाले तर नाव कटेल ही भीती, आणि लग्नासाठी जमवलेले पैसे दवाखान्यात घालवायचे नव्हते. माळ बांधणाऱ्या म्हाताऱ्याने एक पैसा घेतला नव्हता. तेराव्याला येऊन तो आजीच्या पायाशी रडला होता, हेही मला तेव्हाच कळलं. म्हणजे माळ होतीच, पण नोकरीची भीती होती, पैशाची ओढाताण होती, आणि बरं वाटेल या आशेवर ढकललेले दिवस होते. मी सगळं एकट्या देवाच्या नावावर टाकलं होतं, आणि देव तर माझ्या मते नव्हताच.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा राग पुन्हा उसळला. त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. सवयीप्रमाणे मी तो कलमासकट, अनुसूचीसकट वाचला. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. काविळीचं नाव त्यात नाही. याची चुटपुट मला अजून आहे. पण त्याच कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना हात लावलेला नाही, हेही स्पष्ट लिहिलंय. ज्या लोकांनी त्यासाठी इतकी वर्षं घासली, त्यांनी काय गुन्हा आणि काय माणसाचं आपलं खासगी, हे वेगळं काढून ठेवलं होतं. वाचताना सर आठवले. शेंदरासकट.

त्यानंतर घरात सोपं झालं. मी आईला गाडीवर टेकडीला नेऊन सोडायचो, बाहेर चहा पीत थांबायचो, ती आली की घेऊन यायचो. पुजारी ओळखीचा झाला, राजकारणावर गप्पा व्हायच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन मारबत बघायलाही जायला लागलो. १८८० च्या दशकापासून चाललेला आपल्या नागपूरचा हा प्रकार. काळी मारबत, पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक आणि त्यांच्यासोबत भ्रष्टाचारापासून महागाईपर्यंत सगळ्यांचे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. "इडा पीडा, रोगराई, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" असं अख्खं इतवारी ओरडतं, त्यात मीही ओरडतो. मुलगी विचारते, बाबा, तुम्ही तर मानत नाही? रोगराई मारबतीने जात नाही हे मला माहीत आहे. ओरडायला मजा येते.

आई गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे सगळं झालं. विधी धाकट्या भावाने केले, मी सामान आणलं, लोकांची व्यवस्था पाहिली. भटजींना अर्थ विचारला नाही.

आता सुट्टीच्या दिवशी काटोल, सावनेरकडच्या शाळांमध्ये सरांचाच कार्यक्रम करतो: ग्लिसरीन, लिंबू, माळ. आधी मी शेवटची दहा मिनिटं देवांची टिंगल करायचो, मुलं हसायची आणि शिक्षक पुन्हा बोलवायचे नाहीत. ती दहा मिनिटं काढून टाकली. त्या जागी डोळे पिवळे दिसले तर रक्त कुठे तपासायचं, सरकारी दवाखान्यात कोणत्या खिडकीवर चिठ्ठी निघते, पाणी उकळून का प्यायचं, हे सांगतो. कोणीतरी विचारतंच, "सर, तुम्ही देव मानता का?" मी नाही म्हणतो आणि पुढचा प्रश्न घेतो.

अमृतमहोत्सवी वर्षात आपल्या शाळेतही हा कार्यक्रम करायची इच्छा आहे. मानधन नको. फळ्याशेजारी खिळा नसेल तर एक ठोकून ठेवा, आणि दोन दिवस आधी कळवा. काड्या ओल्याच लागतात.