दुतोंडी शब्द

सांगली जिल्ह्यातलं पलूस असो की तासगाव, बाजारपेठेत ‘मोटार रिवाइंडिंग’ची एखादी तरी पाटी असतेच. विहिरीवरची मोटार जळाली की टेम्पोत घालून तिथं आणायची. कारागीर जळकी तार कापून ओढून काढतो, जुने वेढे मोजतो, तारेचा गेज, म्हणजे जाडी, बघतो. मग खाचांत इन्सुलेशनचा कागद सारून नव्या तांब्याच्या तारेचे तितकेच वेढे भरतो, वर व्हार्निश सोडतो आणि वाळवतो. वेढे कमी पडले तर मोटार करंट जास्त ओढते आणि परत जळते. या सगळ्या खटपटीत ‘वाइंडिंग’ हा शब्द शाळेचं तोंड न पाहिलेला माणूसही बिनचूक बोलतो.

आता सातारा जिल्ह्यात या. पाटणच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि ‘वाइंडिंग’मधली तीच पहिली चार अक्षरं, डब्ल्यू, आय, एन, डी, इथं ‘विंड’ होतात. स्पेलिंग एक, उच्चार दोन, असे दुतोंडी शब्द इंग्रजीत बरेच. गुंडाळायचं ते वाइंड, वाहतो तो विंड. गंमत अशी, की एके काळी इंग्रजांचा वारासुद्धा ‘वाइंड’च होता, त्यांच्या जुन्या कवितांत तो ‘काइंड’शी, ‘फाइंड’शी यमक जुळवतो. पुढं ‘विंडी’, ‘विंडमिल’ अशा शब्दांच्या संगतीनं तो आखूड झाला असं मानतात. म्हणजे वाऱ्याचा उच्चार पवनचक्कीनंच बदलला म्हणायचा! गुंडाळण्याचा भूतकाळ ‘वाउंड’. तीच अक्षरं जखमेसाठी आली की ‘वूंड’. मोटार वाउंड, गुडघ्याला वूंड.

हा घोळ कुणी मुद्दाम घातलेला नाही. कॅक्स्टन या इंग्रज मुद्रकानं 1476 च्या सुमारास वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तेव्हा इंग्रजीतले लांब स्वर जागा सोडून सरकत होते, आणि पुढं दोनेकशे वर्षं सरकतच राहिले. स्पेलिंगं मात्र हळूहळू छपाईच्या खिळ्यांत बसून गेली.

आपण हसायचं कारण नाही. ‘जग फार मोठं आहे’ आणि ‘पाण्याचा जग भर’ ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्या ‘ज’ला जीभ दातांमागं टेकते, दुसऱ्याला मागं टाळूकडं जाते. ‘तो शाळेत जात आहे’ मधला ‘जात’ निराळा, दाखल्यावरची ‘जात’ निराळी. आकडा ‘चार’ निराळा, ‘गुरं चार’ निराळा. लिपीत काडीचा फरक नाही, तरी मराठी माणूस इथं अडखळत नाही, कारण डोळा शेजारचा शब्द आधीच टिपून घेतो. इंग्रजी वाचतानाही एवढंच करायचं असतं. पण तिथं आपण शब्द एकेक सुटा वाचतो, आणि फसतो.

‘रीड’चंच घ्या. आर, ई, ए, डी ही अक्षरं वर्तमानात रीड, भूतकाळात रेड. आधी मागं बघा. ‘टू’, ‘विल’, ‘कॅन’, ‘डिड’ यांतलं काही असेल तर रीड. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ असेल तर रेड. आणि ‘ही’ किंवा ‘शी’ असून शेवटी एस नसेल तर डोळे मिटून रेड म्हणा, कारण वर्तमानात तिथं ‘रीड्स’ लागलं असतं. ‘आय’ किंवा ‘दे’ असेल तर मात्र पुढंमागं ‘यस्टरडे’सारखा काळाचा शब्द शोधण्यावाचून गत्यंतर नाही. ‘लीड’ याच वळणाचं असेल असं वाटतं, आणि तिथंच चांगले चांगले घसरतात. मतमोजणीत मिळतं ते लीड, त्याच ‘लीड’ क्रियापदाचा भूतकाळ ‘लेड’, पण तो लिहायचा तीनच अक्षरांत, ए गाळून. ए ठेवून ‘लेड’ म्हटलं तर ते शिसं, इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीतलं.

खरी गोची आघाताची, म्हणजे शब्दातल्या कुठल्या ठोक्यावर जोर द्यायचा याची आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात. बाजार समितीच्या इंग्रजी नावात ‘कृषी उत्पन्न’ म्हणून जो शब्द येतो, तो आपण सर्रास ‘प्रोड्यूस’ वाचतो. पण शेतमाल या अर्थानं तो ‘प्रॉड्यूस’, जोर पहिल्या ठोक्यावर. साखर कारखाना साखर तयार करतो ते ‘प्रड्यूस’, जोर दुसऱ्यावर, आणि पहिला स्वर जवळजवळ गिळलेला. नाम असेल तर जोर पहिल्या ठोक्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर: मोडायचा तो ‘रेकॉर्ड’, आवाज टिपायचा तर ‘रिकॉर्ड’, हातात द्यायची भेट ‘प्रेझंट’, सादर करायचं ते ‘प्रिझेंट’. मराठीत असा आघात अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तो टिपत नाही. शिवाय नियम सगळीकडं लागूही पडत नाही. ‘रिपोर्ट’ आणि ‘कंट्रोल’ नाम असोत की क्रियापद, जोर दुसऱ्या ठोक्यावरच राहतो.

स आणि झ ची भानगड त्यापेक्षा सोपी. ‘यूस’ म्हणजे उपयोग, ‘यूझ’ म्हणजे वापरणं. जवळचा तो ‘क्लोस’ फ्रेंड, दार लावायचं ते ‘क्लोझ’. नाम-विशेषणाला स, क्रियापदाला झ. आपण दोन्हीकडं ‘ज’ ठोकून मोकळे होतो. हा झ सुद्धा ‘माझा’तला नव्हे; ‘माझा’तल्या झ मध्ये द ची चाहूल असते. ‘स’ म्हणत राहायचं आणि घशातून आवाज सोडायचा, की तो आपोआप येतो.

‘लिव्ह’ आणि ‘लाइव्ह’ला आपण चुकत नाही, क्रिकेटची कृपा. फाडायचा ‘टेअर’ शांपूच्या पुडीनं शिकवला, ‘टिअर’ अश्रुधुराच्या बातम्यांनी.

राहता राहिलं मिनिट. तासाचा साठावा भाग तो मिनिट, आणि तीच अक्षरं ‘अगदी बारीक’ या अर्थानं आली की ‘मायन्यूट’. दोन्हीचं मूळ एकच, बारीक भाग सांगणारा लॅटिन शब्द. सहकारी सोसायटीच्या सभेचा वृत्तांत लिहितात तीही मिनिट्सच. तेव्हा मिनिट्समध्ये राहिलेली मायन्यूट चूक वार्षिक सभेत मोठ्यानं वाचून दाखवायची वेळ आली, तर सचिवानं आधी घोटभर पाणी पिऊन घ्यावं.