गेट, नाडी आणि आजोबांचा पाय

आमच्या चिरंजिवांनी जिन्याच्या तोंडाशी बसवलेलं माझं पहिलं गेट अकराव्या दिवशी सर केलं. वय वर्षे एक, महिने दोन. मी जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसून बुटाची लेस बांधत होते. सहज वर पाहिलं तर गेटच्या वरच्या पट्टीवर दोन हात, त्यांच्यामध्ये एक हनुवटी, आणि हनुवटीच्या मालकाच्या चेहऱ्यावर भलताच आनंद. मधल्या पायऱ्या मी कशा चढले ते आठवत नाही.

लाज वाटायचं कारण असं की माझं पोटच या कामावर चालतं. कारखान्यांतल्या यंत्रांभोवती ज्या संरक्षक जाळ्या आणि कुंपणं असतात, ती मी आखते. माणसाचा हात फिरत्या भागापर्यंत पोचू नये, एवढाच सगळा खटाटोप. जाळीचं भोक एवढं मोठं असेल तर धोका तिच्यापासून किती लांब हवा, याची कोष्टकं आयएसओ १३८५७ या मानकात दिलेली आहेत आणि त्यांतली निम्मी मला तोंडपाठ आहेत. पण ती मापं आहेत १४ वर्षांवरच्या माणसांची; भोकांसाठी एक वेगळं कोष्टक आहे, तेही ३ वर्षांवरच्यांसाठी. चौदा महिन्यांचा माणूस त्यात कुठेच बसत नाही. शिवाय कारखान्यात कुणी निव्वळ जाळी आहे म्हणून तिच्यावर चढत नाही. आमच्याकडे गेट बसवल्याबसवल्या त्याच्या पलीकडचा जिना हे घरातलं सर्वांत आकर्षक ठिकाण होऊन बसलं होतं.

ते पहिलं गेट दिसायला देखणं होतं हो. जिन्याच्या कठड्याला आडवे पाइप आहेत, म्हणून त्याच ओळींत जुळतील अशा लाकडाच्या पाच आडव्या पट्ट्या. दोन पट्ट्यांत पंधरा सेंटिमीटर. उंची पाऊण मीटर. कडा रंधा मारून गोल केलेल्या, पॉलिशचे तीन हात दिलेले. थोडक्यात, मी पोराला हौसेने शिडी करून दिली होती. कठड्याशी जुळवण्याच्या नादात हे मला दिसलंच नाही. मशीनच्या कुंपणाला अशा आडव्या पट्ट्या कुणी दिल्या असत्या तर मी ते ड्रॉइंग लाल पेनाने भरून परत पाठवलं असतं.

त्या संध्याकाळी मी गेटमागे बसून राहिले आणि त्याला चढू दिलं. हात दोन बाजूंना तयार ठेवून, अर्थात. चारपाच वेळा पाहिल्यावर लक्षात आलं की त्याची पद्धत ठरलेली आहे. आधी दोन्ही हात वरच्या कडेवर. मग एक पाय हवेत चाचपत फिरतो. तो बघत नाही. पायाची बोटंच शोधतात, आणि अंगठा टेकण्यापुरती जागा मिळाली की काम झालं. मग दुसरा पाय. मग पोट वरच्या कडेवर, आणि इथून पुढे त्याला काहीच करावं लागत नाही. या वयात डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं त्याच्या एकूण उंचीच्या साधारण पाचवा हिस्सा भरतं, तुमचंआमचं सातवा-आठवा. पोट कडेवर आलं की डोक्याचं वजन पुढे ओढतं आणि पोर पलीकडे तोंडावर उलटं होतं. तिथे माझ्याकडे जिना आहे.

तेव्हा कळलं की चढता येणारं गेट हे गेट नसण्यापेक्षाही वाईट. गेट नसतं तर तो पायरीवरून पडला असता. आता पाऊण मीटर वरून आणि मग पायरीवरून पडेल. मग उंची वाढवा, असं सगळ्यांनी सुचवलं. पाय ठेवायला जागा तशीच ठेवून उंची वाढवली तर फक्त पडण्याची उंची वाढते. मूल अडतं ते उंचीने नाही, पाय टेकायला काही न मिळाल्याने.

हा विचार सर्वांत रोखठोक मांडलाय तो ऑस्ट्रेलियातल्या पोहण्याच्या तलावांभोवतीच्या कुंपणाच्या नियमांनी. कुंपण किमान १२०० मिलिमीटर उंच, हे झालंच. पण त्याचबरोबर ९०० मिलिमीटरचा असा पट्टा, ज्यात पाय रोवायला काहीही नको. आडव्या पट्ट्या असल्याच तर वरची आणि खालची यांत किमान तेवढं अंतर. कुंडी, खुर्ची, झाडाची फांदी यांनीही त्या पट्ट्यात यायचं नाही. घरातल्या जिन्याला हा नियम लागू नाही, पण मी तो भिंतीवर लिहून ठेवला आणि दुसरं गेट करायला घेतलं.

आणि दुसरंही चुकलं. लोखंडी चौकटीत जाळी ताणली, आडवं काही नाही, म्हटलं आता चढ. जाळीचं घर चार सेंटिमीटरचं. माझं बोट त्यात सहज जात होतं, एवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. त्याने बूट काढून टाकले (स्वतः! एरवी ज्याला मोजा काढता येत नाही!) आणि पायाची बोटं आकड्यासारखी अडकवून तो वरच्या कडेपर्यंत गेला. त्याच सुमारास ताईचा कुत्रा भोपू आमच्याकडे दोन आठवडे राहायला आला होता. त्याने जाळीची नखांनी लावली ती वाट वेगळीच.

तिसऱ्यांदा मी उभे गज घेतले. खरं तर हे उत्तर बाळाच्या पाळण्यापाशी कधीचं तयार होतं. आपणच उगाच नवं काही करायला जातो. दोन गजांमधली मोकळी जागा किती ठेवायची, याला मात्र डोकं लागतं. अमेरिकेत बाळाच्या पाळण्याच्या गजांत ६० मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. कारण असं की लहान मूल फटीतून डोक्याने नाही, पायाने आत शिरतं. पाय जातात, ढुंगण जातं, छाती जाते आणि डोकं अडकतं. जुन्या काळी लाकडी पट्ट्यांची अकॉर्डियनसारखी मिटणारी गेटं असायची, वरच्या बाजूला करवतीच्या दातांसारखे इंग्रजी व्ही आकार. त्या खाचांत आणि मधल्या चौकटींत मान अडकून मुलं दगावली, आणि १९८५ मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांनी त्या घडणीची गेटं करणं थांबवलं. जुन्या वस्तूंच्या बाजारात असं काही दिसलं आणि कितीही गोड वाटलं तरी घरी आणू नका. मी ४५ मिलिमीटर फट ठेवली.

वर एक आडवा आणि खाली एक आडवा, एवढेच. खालचा आडवा जमिनीपासून चार बोटं वर होता. म्हणजे तोही पायरीच. तो मी गजांच्या जिन्याकडच्या अंगाला वेल्ड करून घेतला, आतल्या बाजूने फक्त सरळ गज. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण या एका बदलाने भोपूचाही बंदोबस्त झाला. कुत्रा मांजरासारखी उडी मारत नाही. तो पुढचे पंजे वरच्या कडेत अडकवतो, मागच्या पायांना टेकू शोधतो आणि अंग वर ओढतो. टेकू नसेल तर तो नुसता उभा राहून भुंकतो.

उभा राहतो म्हणजे वीस किलो वजन गेटच्या वरच्या टोकाला टेकवून उभा राहतो. स्वयंपाकघराच्या दाराशी आमच्याकडे विकतचं गेट होतं, दोन्ही बाजूंचे रबरी पाय भिंतीवर स्क्रूने दाबून बसवायचं, भिंतीला भोक न पाडता. भोपूने तिसऱ्या दिवशी ते अख्खं आडवं केलं. तिथे सपाट जमीन होती म्हणून हसण्यावारी गेलं. जिन्याच्या तोंडाशी असलं गेट कधीच लावायचं नाही ते याच कारणाने, आणि दुसरं कारण त्याची खालची आडवी पट्टी. ती उंबऱ्यासारखी कायम तिथेच असते, गेट उघडलं तरी. ओलांडताना तिला पाय लागला तर मोठा माणूस थेट खाली. माझं जिन्यावरचं गेट म्हणूनच बिजागऱ्यांवर, लाकडी खांबात लांब स्क्रू पिळून बसवलेलं, खाली काही नाही, आणि ते उघडतं फक्त आमच्याकडे, जिन्यावर कधीच नाही.

मांजराबद्दल थोडक्यात: सोडून द्या. आमची बिट्टी जागच्या जागी दीड मीटर उडते. मी वरचा आडवा गोल केला, त्याच्यावर सैल फिरणारी नळी चढवली, म्हणजे पंजा ठेवला की ती गरगर फिरते. बिट्टीने एकदा प्रयत्न केला, घसरली, आम्हा सगळ्यांकडे अपमानाने पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून नळीला न शिवता वरून जाऊ लागली. नळी मात्र मी ठेवली, कारण पोराची पकडही तिच्यावर सुटते.

तर गेट क्रमांक तीन: नव्वद सेंटिमीटर, उभे गज, फिरती नळी. शेजारची चपलांची मांडणी हलवली, कारण चढणाऱ्याला गेटच चढायला हवं असं काही नसतं. कठड्याच्या आडव्या पाइपांना आतून पारदर्शक अॅक्रिलिकचा पत्रा ठोकला. महिनाभर शांतता. मी ऑफिसात फोटो दाखवले.

मग एका सकाळी पाहिलं तर गेट सताड उघडं, आणि कडीला पायजम्याची नाडी बांधलेली.

"बाबा, ही नाडी कशाला?"

"अगं, दर वेळी एका हाताने ती खिट्टी ओढा, दुसऱ्या हाताने गेट उचला. बादलीभर कपडे हातात असतात माझ्या. तो झोपलाय म्हणून बांधली."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण हे वाक्य मी शब्दशः, वेगवेगळ्या कारखान्यांत, वीसेक ऑपरेटरांकडून ऐकलंय. जाळी उघडली की यंत्र थांबतं, ते थांबू नये म्हणून स्विचला चिकटपट्टी लावलेली असते, तारेने आवळलेलं असतं. तिथे मी कधीच माणसाला दोष देत नाही. जी जाळी दर फेरीला दहा सेकंद खाते ती बांधलीच जाणार; दोष आखणाऱ्याचा. आणि घरी मी काय केलं होतं? पोराला उघडू नये म्हणून कडी इतकी अवघड केली की मोठ्यांनाही उघडू नये.

नाडी बांधली नसेल तेव्हा बाबा काय करतात तेही मग कळलं. ते सहा फूट उंच. बादली कडेवर, एक हात खांबाला, उजवा पाय वर आणि सरळ गेटच्या पलीकडे. रोज चारपाच वेळा. हे सगळं बसून पाहणारा एक प्रेक्षक होताच. त्याच आठवड्यात तो गेटशी उभा दिसला, एक हात खांबाला, उजवा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचललेला, पडेपर्यंत. ते चढणं नव्हतं. पाय चाचपत नव्हता, काही शोधत नव्हता. ती आजोबांची हुबेहूब नक्कल होती.

नवी कडी करायला मला गेटपेक्षा जास्त दिवस लागले. अंगठ्याने मागे सरकवायची आणि त्याच हाताने वर उचलायची, दोन्ही एकदम. मोठ्या पंजाला ते एका झटक्यात जमतं, छोट्या पंजाचा अंगठा आणि बोटं एकाच वेळी तिथवर पोचत नाहीत. बिजागरीत स्प्रिंग, म्हणजे सोडलं की गेट आपणहून येऊन खट्ट बसतं. तो खट्ट आवाज मी मुद्दाम ठेवला. दुसऱ्या खोलीतून नुसत्या कानाने कळतं की बसलं की नाही. बाबांच्या हातात बादली देऊन वीस वेळा येजा करायला लावली. सतराव्या वेळी ते म्हणाले, "आता बघतोय कुठे, हातच जातो." त्यानंतर नाडी दिसली नाही.

युरोप आणि अमेरिका, दोन्हीकडची मानकं अशा गेटची हमी २४ महिन्यांच्या वयापर्यंतच धरतात. आमचं तो सव्वीस महिन्यांचा होईपर्यंत टिकलं. चढून कुणी गेलं नाही. एके दिवशी त्याने स्टूल आणलं, दोन्ही हात कडीला लावले, एकाने सरकवलं, दुसऱ्याने उचललं. खट्ट. आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं, अगदी त्या पहिल्या दिवशीच्या चेहऱ्याने.

त्याच रविवारी मी दोन्ही गेटं काढली. जिन्याच्या खांबातली भोकं लांबीने बुजवली, स्वयंपाकघराच्या दाराशी रबराचे चार गोल डाग तेवढे राहिलेत. तिथली ती खालची पट्टी जाऊन आता तीन महिने झाले. बाबा अजूनही त्या दारातून जाताना पाय उचलतात. आणि त्यांच्या मागून जाणारा, गुडघा पार पोटापर्यंत नेत, तोही.