विलंबाचे कारण लेखी मागा

विमानाला उशीर झाला म्हणून मी आता फारसा चिडत नाही. हवामान बिघडते, यंत्रात दोष निघतो, आणि दोष निघालेले विमान जमिनीवरच ठेवणे शहाणपणाचे असते, याबद्दल कोणाचेच दुमत नसावे. संताप येतो तो उशिराविषयी ताकास तूर लागू न देण्याच्या वृत्तीचा. ‘ऑपरेशनल कारणास्तव’ ही घोषणा कानावर पडली, की कारण ठाऊक आहे पण आपल्याला सांगायचे नाही, एवढे समजून घ्यावे.

कारण ठाऊक असतेच, असे मी खात्रीने म्हणतो, कारण विलंबाची नोंद ठेवण्याची या व्यवसायाची स्वतःची पद्धत आहे. विमान कंपन्यांची जागतिक संघटना असलेल्या आयाटाने विलंबाच्या कारणांना सांकेतिक क्रमांक दिलेले आहेत. त्यांतला ४१ हा विमानातील बिघाडाचा आणि ९३ हा आधीच्या फेरीवरून विमान उशिरा आल्याचा. हा ९३ क्रमांक प्रवाशाने विशेष ध्यानात ठेवावा. एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करते, दोन फेऱ्यांमधला वेळ मुळातच बेताचा ठेवलेला असतो, आणि त्यामुळे सकाळी वाया गेलेला अर्धा तास भरून निघण्याऐवजी पुढच्या प्रत्येक फेरीच्या माथी येतो. त्यातच वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा असल्याने, ती उलटली की विमान सज्ज असूनही जागचे हलत नाही. रात्रीच्या उड्डाणाचा लहानसा उशीर पाहता पाहता उड्डाण रद्द होण्यापर्यंत जातो तो बहुधा यामुळेच.

मध्यंतरी एका प्रवासात फलकावरची वेळ आधी चाळीस मिनिटांनी, मग आणखी तासाभराने पुढे सरकली. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पाहिले, तर आमच्यासाठी नेमलेले विमान अजून पलीकडच्या विमानतळावरून निघालेलेसुद्धा नव्हते. गेटवरची तरुणी मात्र ‘बोर्डिंग लवकरच सुरू होईल’ असे प्रत्येकाला सांगत होती. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिने तो नकाशा क्षणभर निरखला आणि म्हणाली, ‘सर, आमच्याकडेही एवढंच आलंय.’ तिचे म्हणणे खरे असावे. ज्यांनी निर्णय घ्यायचे ते कधी काउंटरवर दिसत नाहीत, आणि ज्यांच्या हाती काही नाही त्यांना लोकांची बोलणी खायला पुढे उभे केले जाते. म्हणून तिच्यावर आवाज चढवणाऱ्या सहप्रवाशांची मला कीव आली आणि तिचीही.

तरीही कारण विचारणे सोडू नये, आणि ते लेखी मागावे, कारण पुढे पैसे मिळणार की नाहीत हे पुष्कळदा त्यावरच ठरते. युरोपीय संघाचा २००४ चा नियम क्रमांक २६१ याचे उत्तम उदाहरण आहे. उड्डाण रद्द झाल्यास त्यात अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाईची तरतूद असून, तीन तास किंवा त्याहून अधिक उशिरा पोहोचलेल्या प्रवाशांनाही ती लागू असल्याचे युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले. कंपनीला सुटका मिळते ती केवळ ‘असाधारण परिस्थिती’ सिद्ध केल्यावर. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड हा असाधारण नव्हे, असा निकाल २००८ मध्येच लागलेला आहे. त्यामुळे ‘बिघाड’ आणि ‘हवामान’ यांतला कोणता शब्द कागदावर उतरतो, यावर बराच पैसा अवलंबून असतो, आणि कंपन्यांना हवामान इतके प्रिय का असते तेही कळते. २०१४ च्या आणखी एका निकालाने, विमान पोहोचले असे कधी धरायचे, हाही वाद मिटवला: चाके धावपट्टीला टेकतात तेव्हा नव्हे, तर किमान एक दार उघडून प्रवाशांना उतरण्याची मुभा मिळते तेव्हा. विलंब तीन तासांच्या आसपास असेल, तर दार उघडल्याची वेळ मोबाइलवर टिपून ठेवलेली बरी.

परिस्थिती खरोखरच असाधारण असली, तरी खाण्यापिण्याची आणि रात्र काढावी लागल्यास निवासाची सोय करण्याची जबाबदारी या नियमाखाली टळत नाही. २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश बंद पडले, तेव्हाच्या प्रकरणातही न्यायालयाने हेच सांगितले. भरपाई म्हणून व्हाउचर पुढे केले गेल्यास ते घेण्याची सक्ती नसते. प्रवाशाने सही करून संमती दिली तरच रोख रकमेऐवजी ते चालते. घाईगर्दीत पुढे आलेल्या कागदावर सही करू नये ती यासाठी.

सगळीकडे असे ठरावीक आकडे नाहीत. १९९९ चा माँट्रियल करार सदस्य देशांमधील आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू होतो आणि विलंबामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनीवर टाकतो. पण तिथे प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते, सर्व वाजवी उपाय केल्याचे सिद्ध करून कंपनी सुटू शकते, आणि दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. बिले, बोर्डिंग पास आणि फलकाचे फोटो यांची किंमत अशा वेळी कळते.

ग्राहक सेवेला फोन करण्यात मात्र मला फारसा अर्थ वाटत नाही. तिथे टोलवाटोलवी होते आणि झालेल्या बोलण्याचा पुरावा कंपनीकडेच राहतो. त्या प्रवासानंतर मी ईमेलने तक्रार केली, तर ठरलेल्या साच्यातले ‘खराब हवामान’ आले आणि माझी बोळवण झाली. मी माग दाखवणाऱ्या नकाशाची छायाचित्रे, त्याच सुमारास तिथून निघालेल्या इतर उड्डाणांच्या वेळा आणि एक प्रश्न पाठवला: हवामान फक्त तुमच्याच विमानाला आडवे आले का? पुढच्या उत्तरात हवामानाचा उल्लेख नव्हता. बँक खात्याचा तपशील मागितलेला होता.