आमची वाटचाल: बर्फ न पाहिलेल्या मिस्त्र्याचं वर्कशॉप

बडोद्यात बर्फ दोनच ठिकाणी दिसतो, गोळ्याच्या गाडीवर आणि मासळीबाजारात. तरी आमच्या शेडमधून दर वर्षी चार-पाच जुने ट्रॅक्टर बर्फ सारायला डोंगरावर जातात. ऐकणारे हसतात. हसू देत.

बाबा विश्वामित्री स्टेशनजवळच्या हिंदुस्तान ट्रॅक्टर्समध्ये फिटर होते. त्या ट्रॅक्टरचं माहेर चेकोस्लोव्हाकियातलं, झेटर कंपनीच्या घराण्यातलं, म्हणजे हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडणाऱ्या मुलखातलं. १९७८ मध्ये कारखाना गुजरात सरकारकडे गेला, पुढे महिंद्राकडे. बाबा मधेच कधीतरी बाहेर पडले आणि मुजमहुड्याकडे भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुने ट्रॅक्टर उघडायला बसले. भांडवल म्हणजे एक चेनकप्पी, एक टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच कसणारा पाना) आणि उस्ताद. उस्ताद बाबांचे पहिले भागीदार. पैसे कधी घातले नाहीत, हात घातले. त्यांचं कागदावरचं नाव मला बँकेच्या फॉर्मवर सही घेताना पहिल्यांदा कळलं.

तो टॉर्क रेंच अजून आहे. इंजिनच्या हेडचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, बोल्ट कसताना नवीन पोरं अंदाजाने पान्याला पाइप लावून ओढतात, आणि मग गॅस्केट गेलं की कंपनीला शिव्या. आमच्याकडे हेड मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, रेंचनेच कसायचं. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा उस्तादांनी एक हेड तसंच कसून पुरं केलं आणि मग घरी आले. मला तेव्हा राग आला होता.

मधल्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. रिंग-पिस्टन, क्लच, हायड्रॉलिक, पोटापुरतं.

२०११ च्या सप्टेंबरात मनालीच्या वरच्या अंगाला सफरचंदाची बाग आणि गेस्ट हाउस असलेले एक गृहस्थ आले. मुलगा महाराजा सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्सला होता, त्याला भेटायला आलेले. रिक्षातून जाताना आमच्या अंगणातला जुना हिंदुस्तान दिसला. वाकून पुढची अॅक्सल बघितली, चाकावर थाप मारली आणि म्हणाले, "भाईसाब, इसके पीछे ब्लेड लगा दोगे?" गेस्ट हाउसपर्यंतचा तीनशे मीटरचा रस्ता त्यांचा स्वतःचा. सरकारी यंत्रं हायवे साफ करतात, खासगी रस्त्याला कोण येणार?

उस्तादांनी सात फुटी टेरेसर ब्लेड केला. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन पॉइंटच्या जोडणीला बसणारा, डावी-उजवीकडे तिरका होणारा, म्हणजे बर्फ पुढे ढीग न होता कडेला लोटला जातो. खाली दोन घसरपट्ट्या, ब्लेडची धार जमिनीपासून इंचभर वर ठेवायला, नाहीतर बर्फाबरोबर रस्त्याची खडीही दरीत. तिरकेपणाच्या पिनेचं एक भोक माझ्या टेम्प्लेटमध्ये अर्धा इंच सरकलं होतं. काम भागत होतं म्हणून तसंच ठेवलं. हे भोक लक्षात ठेवा.

हिमाचलातून सयाजीपुऱ्याच्या मार्केटला सफरचंदं घेऊन आलेला ट्रक रिकामाच परत जायचा होता, त्यावर ट्रॅक्टर चढवला. मी माणुसकी म्हणून टाकी डिझेलने फुल करून दिली. रेडिएटर नळाच्या पाण्याने गच्च भरला. नारळ फोडला. इथपर्यंत मला वाटत होतं की मी शहाणा आहे.

डिसेंबरात पहाटे फोन आला. रात्री पारा उणे आठ-नऊ. इंजिन घेईना. गरमीतल्या डिझेलचं मेण होऊन फिल्टर चोंदला होता. आपल्याकडे उन्हाळी डिझेल १५ अंशांपर्यंतच्या थंडीत घट्ट झालं तरी मानकात बसतं, हिवाळी ३ अंशांपर्यंत. मी दिलेली टाकी तर सप्टेंबरातली. त्यांनी गरम पाण्याच्या पिशव्या लावून कसंबसं चालू केलं, आणि मग इंजिनच्या ब्लॉकच्या बाजूने पाणी गळायला लागलं. पाणी गोठताना जवळपास नऊ टक्के फुगतं. एक वेल्च प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकावरची पत्र्याची टोपी, उडाला, ते ठीक. पण त्याच्या खाली ब्लॉकला वीतभर चीर. ऑइलची पट्टी काढली तर दुधाळ चहा, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं.

चूक माझी. शंभर टक्के माझी. पण त्यानंतर जे झालं ते माझ्या चुकीपेक्षा मोठं होतं.

आमच्याकडे सहा वर्षं शिकलेला एक मुलगा होता, उस्तादांनी ज्याला वेल्डिंगचा चष्मा स्वतःच्या पैशाने घेऊन दिला होता. त्या गृहस्थांच्या शेजाऱ्यांनी दोन ट्रॅक्टरची आगाऊ रक्कम दिली होती. या मुलाने माझी फोनची डायरी बघून त्यांना फोन केले: बडोद्याचा मिस्त्री पाणी घालून पाठवतो, मी वेगळा झालोय, माझ्याकडून घ्या. दोन्ही ऑर्डरी गेल्या. आगाऊ रक्कम परत करायची, आणि त्या ऑर्डरींसाठी कर्ज काढून घेतलेले दोन ट्रॅक्टर अंगणात गवतात उभे. हिच्या पाटल्या गहाण पडल्या. तीन महिने उस्तादांनी पगार घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "भाऊ, तुमच्या बाबांचं माझ्याकडे बरंच येणं आहे, त्यातून कापा." येणं उलटं होतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

आम्ही दोघं दुसरा ब्लॉक ट्रान्सपोर्टने पाठवून स्वतः बसने गेलो. मी जन्मात पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि सौंदर्य बघायला वेळ नव्हता. पाना उघड्या हाताने धरला की कातडी चिकटते, हे तिथे कळलं. त्या गृहस्थांनी पैसे परत मागितले नाहीत. रोज संध्याकाळी शेडमध्ये शेगडी आणि राजमा-भात आणून ठेवायचे, आणि गप्पा मारत आम्ही काय करतोय ते बघत बसायचे. तिथल्या ड्रायव्हरांनी जे शिकवलं ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये मला सापडलं नव्हतं.

आता मला कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. जुना ट्रॅक्टर डोंगरात पाठवायचा असेल तर आधी थर्मोस्टॅट बघा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आपल्या गरमीत मिस्त्री तो काढून फेकतात, इंजिन तापू नये म्हणून. थंडीत ८२ अंशाला उघडणारा थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन कधी तापतच नाही आणि डिझेल अर्धवट जळतं. कूलंट अर्धा, डिस्टिल्ड पाणी अर्धं. असं मिश्रण उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत टिकतं. "जास्त कूलंट टाकला की जास्त चांगलं" म्हणणारे शहाणे भेटतील. निव्वळ ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मूळ द्रव्य, उणे बारा-तेरालाच गोठतो. ऑइल २०-डब्ल्यू-४० काढून १५ किंवा १० डब्ल्यूचं, म्हणजे थंडीत पातळ राहणारं, घाला. मागच्या टायरात वजनासाठी साधं पाणी भरू नका, कॅल्शियम क्लोराइडचं पाणी चालतं, पण ते रिम खातं, म्हणून आम्ही बिडाची वजनंच लावतो. आणि मागच्या चाकांना साखळ्या हव्यातच; नांगरटीचा टायर भुसभुशीत बर्फ धरतो, घट्ट बर्फावर तो भिंगरीसारखा फिरतो.

बॅटरी. त्यातल्या त्यात बॅटरी. उणे अठराला ती निम्म्याहून कमी ताकद देते, आणि उतरलेली असेल तर आतलं पाणीच गोठून खोकं फुटतं. पूर्ण चार्ज असेल तर हायड्रोमीटरला (बॅटरीतल्या अॅसिडची घनता मोजायची काचेची नळी) १२६५च्या वर दिसतं आणि थंडीत ती गोठत नाही. उस्तादांचा काचेचा हायड्रोमीटर मी अजून वापरतो, रबरी फुगा तीनदा बदललाय.

रात्री उभा करताना ब्लेड खाली, पण लाकडी फळीवर. जमिनीला चिकटला तर सकाळी हायड्रॉलिक रडेल. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक जाम होतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला ओंडका लावा. टाकी फुल ठेवा, म्हणजे आत पाणी सुटत नाही, पण हिवाळी डिझेलनेच फुल.

त्या मुलाचं वर्कशॉप आता आमच्यापेक्षा मोठं आहे. मकरपुऱ्याला दोन गाळे, रंगीत बोर्ड, त्यावर "स्नो ब्लेड स्पेशालिस्ट". मध्यंतरी कोणाच्या तरी मोबाइलमध्ये त्याच्या ब्लेडचा फोटो पाहिला. बोटांनी मोठा करून बघितला. तिरकेपणाच्या पिनेचं भोक अर्धा इंच सरकलेलं. दहा वर्षं झाली, आम्ही ते भोक केव्हाच सुधारलं. तो अजून माझी चूक विकतोय. उस्तादांना दाखवलं, ते हसले नाहीत. म्हणाले, "वेल्ड मात्र साफ आहे." हात त्यांनीच शिकवले होते ना.

मनालीवाल्यांकडे तोच हिंदुस्तान आहे, दुसरा ब्लॉक, दुसरा ब्लेड, दोनदा बदललेली बॅटरी. दर सप्टेंबरात सफरचंदाची एक पेटी येते. पहिला बर्फ पडला की फोनही येतो, बोलायला नाही, फोन इंजिनाजवळ धरायला. मी कान लावून सेल्फ मोजतो. इतकी वर्षं दुसऱ्या सेल्फला घ्यायचा. यंदा तिसऱ्याला घेतला. मी म्हटलं, साहेब, आधी हायड्रोमीटर लावून बघा, मग सिलेंडरवर या.