तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लूथांच्या घरात माझं काय काम

दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, मावशी विचारते, ऑफिसमधली मैत्रीण विचारते, माझ्या गोष्टी वाचणारेही विचारतात, की तुला लिहिता येतं तर स्वतःची पात्रं घेऊन लिही ना, फॅनफिक, म्हणजे दुसऱ्याच्या मालिकेतली पात्रं घेऊन गोष्टी, कशाला, आणि दुसऱ्याचीच माणसं घ्यायची तर ती 'अरेस्टेड डेव्हलपमेंट'मधली का, त्या घरात एक माणूस धड नाही. तर आज नीट सांगते.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मिचेल हर्विट्झने बनवलेली ही अमेरिकन सिटकॉम फॉक्सवर नोव्हेंबर 2003 मध्ये सुरू झाली, 2004 ला सर्वोत्कृष्ट कॉमेडीचा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, तरी बघणारे कमीच, मग 53 भागांनंतर फेब्रुवारी 2006 मध्ये बंद, आणि 2013 ला नेटफ्लिक्सने परत आणली. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत घरं बांधून विकणारं श्रीमंत ब्लूथ कुटुंब, पहिल्याच भागात बोटीवर वडिलांची रिटायरमेंट पार्टी चालू असते आणि तिथेच त्यांना अटक होते. मग मधला मुलगा मायकल सगळ्यांना सांभाळायला मागे राहतो. आई लुसिल, जिच्या तोंडून कधी चांगला शब्द निघत नाही, मोठा भाऊ जोब जादूगार, धाकटा बस्टर आईला चिकटलेला, बहीण लिंडसे, तिचा नवरा टोबायस, त्यांची मुलगी मेबी, आणि मायकलचा शाळकरी मुलगा जॉर्ज मायकल. कंपनीचं विमान विकलं गेलंय पण विमानाला लावायच्या जिन्याची गाडी उरलीये, तर मायकल तीच गाडी घेऊन गावभर फिरतो.

मी ही बघितली 2016 मध्ये, नेटफ्लिक्स भारतात आलं त्या वर्षी, रात्री एकटी बसून. पहिल्या भागात एक प्रसंग आहे, बाप आणि मुलगा कंपनीच्या सॅम्पल घराच्या माळ्यावर राहतायत, बाप विचारतो आपण सगळ्यात महत्त्वाचं काय म्हणतो, मुलगा म्हणतो नाश्ता, बाप म्हणतो कुटुंब. मी हसले, आणि मग एकदम लक्षात आलं की ह्या मुलाची आई कुठाय? ती गेलेली आहे. ट्रेसी नाव तिचं, कॅन्सरने गेली. आणि एवढ्या सगळ्या भागांत तिचा उल्लेख किती कमी आहे बघा, कोणी बसून तिच्याबद्दल बोलत नाही, मायकल तर अजिबातच नाही, तो सतत कोणाचं तरी काहीतरी निस्तरत असतो.

माझी आई 2011 मध्ये गेली. आमच्याकडे तिचा विषय निघाला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. वाईट माणूस नाही हो, त्यांना दुसरं काही सुचायचंच नाही, आणि मीही मग विषय काढणं सोडून दिलं, पाच वर्षं आम्ही दोघं एका घरात गॅस सिलिंडर, विजेचं बिल, दुधाचे पैसे एवढ्यावरच बोलत होतो. त्यामुळे तो माळा मला ओळखीचा वाटला, तुम्ही म्हणाल कुठे कॅलिफोर्निया आणि कुठे आमचा टू बीएचके, पण वाटला.

पहिली गोष्ट लिहिली ती त्या केळ्यांच्या स्टॉलवरची. ब्लूथांचा समुद्राजवळ फ्रोझन केळी विकायचा स्टॉल असतो, नातू तो चालवतो, आजोबा तुरुंगातून परत परत सांगत असतात की त्या स्टॉलमध्ये कायम पैसा असतो, आणि मायकलला ते कळत नाही, तो चिडून मुलाला बरोबर घेऊन अख्खा स्टॉल जाळतो, नंतर कळतं की भिंतींच्या आत खरोखरच अडीच लाख डॉलरच्या नोटा होत्या. विनोद म्हणून जबरदस्तच आहे. पण मला सारखं वाटत राहिलं की आग बघून झाल्यावर हे दोघं घरी येताना गाडीत काय बोलले असतील, कपड्यांना धुराचा वास असेल, पोराला त्या दिवशी बाप पहिल्यांदा मोकळा दिसला असेल, आणि त्याने तेवढ्यात आईचं काही विचारलं असेल का? तेच लिहिलं. पाच पानं, त्यात कोणी रडत नाही.

तर उत्तर हे आहे. बावीस मिनिटांच्या भागात ह्या माणसांना थांबायला वेळच नाहीये. मागे हसण्याचा आवाज नाही, निवेदक म्हणजे रॉन हॉवर्ड, तो एका वाक्यात पात्राचं खोटं उघडं पाडतो की लगेच पुढचा सीन. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी 'पुढच्या भागात' म्हणून जे दाखवतात ना, ते बहुतेक वेळा पुढच्या भागात नसतंच, म्हणजे तेवढंच दोन सेकंद घडून गेलेलं असतं आणि पुढे कोणी त्याबद्दल बोलत नाही. मला ते सगळे बंद न केलेले दरवाजे वाटतात. मी माझी स्वतःची पात्रं तयार करू शकते, केलीयेत पण, पण ह्या लोकांना तिथे तसं अर्ध्यावर सोडून येणं मला जमत नाही.

बरेच जण फिकमध्ये घर दुरुस्त करतात, लुसिल माफी मागते, सगळे मिठ्या मारतात. त्यांच्या भावना मला कळतात पण मला ते पटत नाही, माफी मागणारी लुसिल ही लुसिल राहत नाही, कुणीतरी दुसरीच बाई तिचे दागिने घालून बसलीये असं वाटतं. वाईट वागणारं माणूस वाईटच वागत असताना त्याच्या आत काय चाललंय ते दाखवता आलं पाहिजे, खरी मेहनत तिथे आहे.

मराठीत लिहिताना तर अजूनच मजा येते. इंग्लिशमध्ये सगळ्यांना एकच 'यू', मला मात्र प्रत्येक जोडीचं ठरवावं लागलं. मायकल वडिलांना 'तुम्ही' म्हणतो आणि आईला 'तू'. जोब वडिलांना 'तू' म्हणतो, कारण त्याला ते जवळ हवे असतात, आणि ते त्याला कधीच जवळ करत नाहीत. लुसिल पोरांना एरवी अरे-तुरे करते पण बोचकारायचं असलं की एकदम 'या बाईसाहेब, बसा, आज कशी वाट वाकडी केलीत', आणि हे लिहिलं त्या दिवशी मला ती पहिल्यांदा मराठीत ऐकू आली. काही गोष्टी मात्र येतच नाहीत. बस्टरचा हात सील हा समुद्री प्राणी चावून तोडतो, 'लूज सील' (मोकाट सुटलेला सील) आणि 'लुसिल' ह्यावरचा सगळा खेळ आहे तो, आईपासून सुटायला म्हणून तो समुद्रात उतरतो आणि तिथे आईच्याच नावाचं जनावर. मराठीत तो श्लेष गेला. खूप वाईट वाटलं. मग मी त्याची ती हाताच्या आकाराची खुर्ची धरली आणि हात गेल्यावर तो तिच्यात कसा बसत असेल ह्यावर पूर्ण गोष्ट केली.

मार्च 2021 मध्ये जेसिका वॉल्टर गेल्या, लुसिलचं काम करणाऱ्या. त्यानंतर वर्षभर मला लुसिलचं एक वाक्य लिहिता आलं नाही, आवाज कानात होता आणि तरी हात चालेना. बाबांनी एकदा विचारलं हल्ली लिहीत नाहीस का, मी कारण सांगितलं, तर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, तुझ्या आईलाही असंच फटकळ बोलायची सवय होती. दहा वर्षांत त्यांनी आपणहून आईचं काढलेलं ते पहिलं वाक्य.

आता परत लिहितेय. लुसिल रात्री तिच्या पेंटहाऊसमध्ये एकटी आहे, सून गेली ती तारीख आहे, तिला ती लक्षात आहे आणि हे ती कोणालाही कळू देणार नाही. ती मायकलला फोन लावते. तीनदा मी तिच्या तोंडी 'जेवलास का' घातलं आणि तीनदा खोडलं, मराठी आई म्हटलं की हाताला तेच येतं, पण ही बाई ते म्हणणार नाही. शेवटी ती म्हणते की कामवाल्या लूपेने नॅपकिनच्या घड्या चुकीच्या घातल्यात. एवढं बोलून झालं तरी ती फोन ठेवत नाही. काल रात्री इथपर्यंत आलेय, मायकल अजून काही बोललेला नाहीये.