अकरा आयडी आणि जावेची सही

"बिल ज्याच्या नावावर, अर्जही त्याचाच." नेटवर्क मार्केटिंगचा न खपलेला माल परत करायला गेले, तर कोल्हापूरच्या कंपनी-डेपोतल्या काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता एवढंच सांगितलं. पुढचे चार महिने मी त्या एका वाक्याभोवती फिरत होते. माल माझ्या माळ्यावर, पैसे माझे, सोनेतारणाचं व्याज मी भरतेय. पण बिलं अकरा जणांच्या नावावर. ती तशी का होती, हे सांगायला लाज वाटते. तरी सांगते.

मी कराडात एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, दारोदार गोळा करते. नऊ वर्षं झाली. रोज साठेक दारं. लोक "या वैनी" म्हणतात, पैसे देतात, पावती घेतात. वार्षिक सभेला आम्हा एजंटांना नाश्त्याची कुपनं वाटायला उभं करतात. माइकवरून कुणी माझं नाव घेईल असं कधी डोक्यातही आलं नव्हतं. नेटवर्कवाल्यांनी मला का हेरलं ते आता कळतं: साठ दारं आणि प्रत्येक दारात विश्वास.

जॉइनिंग फुकट होतं. थेट विक्रीच्या २०२१ च्या सरकारी नियमांनी प्रवेश फी घ्यायला बंदी आहे, म्हणून फुकट; पण आयडी, म्हणजे कंपनीतलं आपल्या नावाचं खातं, 'ॲक्टिव्ह' व्हायला सहा हजारांचा माल घ्यायचा. सीनियर त्याच नियमांची झेरॉक्स दाखवून "सरकारमान्य आहे, ताई" म्हणायचे. त्याच नियमांत पिरॅमिड योजनेलाही, म्हणजे खाली माणसं जोडल्याचेच पैसे देणाऱ्या साखळीलाही, बंदी आहे, हे मी फार उशिरा वाचलं.

आता अकरा आयडी. आमचा प्लॅन डाव्या-उजव्या लेगचा: आपल्याखाली दोन बाजूंना माणसं जोडायची. माझी डावी बाजू पळत होती, उजवी बसलेली. रँक मिळायची तर दोन्ही बाजूंचा व्यवसाय जुळायला हवा. क्लोजिंगच्या, म्हणजे कमिशनचा हिशेब बंद व्हायच्या, रात्री नऊ वाजता अपलाइनचा, मला जोडणाऱ्या वरच्या माणसाचा, फोन: "ताई, राइटला फक्त चार आयडी कमी आहेत. तुमचं नाव स्टेजच्या लिस्टला गेलंय. आता मागे फिरू नका." मी जावेचं, शेजारच्या मावशींचं, दोन पिग्मीच्या गिऱ्हाइकांचं आधार-पॅन घेतलं. "नुसता आयडी लावते, तुम्हाला काही करायचं नाही," असं म्हणाले. पैसे मीच भरले. पुढच्या क्लोजिंगला तीन, त्याच्या पुढच्याला चार. अकरा सक्क सहासष्ट हजार. गळ्यातली चेन आमच्याच संस्थेत ठेवली.

आणि जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात कंपनीच्या कार्यक्रमात स्टेजवरून माझं नाव पुकारलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. ब्लेझरवर पिन लावली, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, मला रडू आलं. दीड मिनिट असेल. त्या ब्लेझरची बाही लांब होती, ती मी आत दुमडून सेफ्टीपिननं टाचली होती. फोटोत ती पिन स्पष्ट दिसते. तिकिटं, गाडीभाडं, लॉज, ब्लेझर, घरच्या मीटिंगांचा चहा-बिस्किटांचा खर्च डायरीत मांडला तर चौदा महिन्यांचे ३८,९०० भरतात. कमिशन आलं टीडीएस कापून ३१,६००. मालाचे पैसे यात धरलेले नाहीत.

जूनमध्ये ठरवलं, बास. करारात परतीची अट होती: सीलबंद माल, मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक, दहा टक्के कपात, दिलेलं कमिशन वजा. ठीक आहे म्हटलं. आणि काउंटरवर ते वाक्य ऐकलं.

(डेपोत महिनाअखेरीला जाऊ नका. क्लोजिंगची झुंबड असते, परतीच्या माणसाकडे कुणी बघत नाही. आणि खोकी फोडू नका. मी एक फोडलं, आतले डबे सीलबंद होते तरी बाद केले.)

मी १९१५ ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार नोंदवून घेतली, नंबर दिला. कंपनीला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. ४८ कामकाजी तासांत पोच द्यायची आणि साधारण महिन्याभरात निकाल लावायचा, असं नियमांत आहे. पोच आली. महिन्याने उत्तर आलं, सभ्य भाषेत तेच: बिलधारकाचा सहीचा अर्ज, ओळखपत्र, रद्द केलेला चेक, आणि त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. आणि यात त्यांचं काही चुकलं नव्हतं, याचाच जास्त राग आला.

दोन आयडींचा माल वाटून, वापरून संपला होता. राहिली नऊ दारं. रोज ज्या दारात मी पैसे घ्यायला जायचे, तिथं आता सही मागायला. एका गिऱ्हाइकानं सही केली आणि त्याच पेनानं पिग्मीचं खातं बंद करायचा अर्ज लिहून दिला. काही बोलला नाही. शेजारच्या मावशींचा ओटीपी दहा मिनिटांत टाकायचा होता आणि फोन मुलानं रानात नेलेला. तीनदा असं झालं. एकीच्या चेकवर नाव 'सौ.' लावून, आधारवर बिनसौचं, अर्ज परत.

सगळ्यात शेवटी जाऊ. आठ महिने बोलणं बंद होतं, कारण तिच्या माहेरच्या बारशात मी प्लॅन दाखवला होता. ती ज्वारी निवडत बसली होती. मी कागद पुढे ठेवला. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"स्टेजवर नाव कुणाचं घेतलं?"

"माझं."

"मग सही माझी कशाला?"

मी तिथंच बसून राहिले. अर्ध्या तासानं तिनं हात पुसले, चेकबुक शोधलं, सही केली. पेन परत देताना म्हणाली, "आणि तो फोटो हॉलमधनं काढ. बघवत नाही." फोटो काढला. खिळा अजून आहे.

तर हिशेब: सीलबंद माल ४३,०००, मुदतीत न बसलेला नऊ हजारांचा बाद, राहिले ३४,०००. दहा टक्के गेले, ३०,६००. कमिशनचे ४,१०० वजा, २६,५००. ऑक्टोबरात जमा झाले, पण कुठं? त्या नऊ जणांच्या खात्यांत. म्हणजे पुन्हा दारोदार. बहुतेकांनी त्याच दिवशी काढून दिले, दोघांनी दिवाळीनंतर. २२,३०० हातात आले. जावेकडचे ४,२०० यायचेत. मागायला जायचं धाडस अजून झालं नाही.

अपलाइनच्या ग्रुपमधून रागाच्या भरात बाहेर पडू नका. आधी "आयडी लावा, माल नंतर निघतो" असले मेसेज स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी तसं केलं नाही. ज्यांच्या नावावर आयडी लावलेत, त्यांच्या पॅनवर कमिशनची नोंद झालीय का हे २६एएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या नोंदींच्या पत्रकात, बघा. आमच्या एका गिऱ्हाइकाला रिटर्न भरताना ते दिसलं, आणि त्यानं मला भर बाजारात विचारलं.

हो, एक राहिलंच. १९१५ ला फोन लावताना बिलांचे नंबर समोर ठेवा. मी चष्मा शोधत बसले, तोवर फोन कट झाला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं.