आधी पिसवा, मग उंदीर

मशीद बंदरला माझा दवाखाना. आजूबाजूला धान्याची, मसाल्याची गोदामं, त्यामुळे निम्मे पेशंट माथाडी. त्या दिवशी सकाळी मुकादम एका मामांना हाताला धरून घेऊन आला. साताऱ्याकडचे, पन्नाशीचे, गोदामातच थप्पीच्या कडेला झोपणारे. तापाचा सातवा दिवस. डोकं इतकं ठणकत होतं की डोळे उघडवत नव्हते. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. टायफॉइड समजून दुसरीकडे गोळ्या सुरू केलेल्या, तरी ताप १०३ वरून हलत नव्हता.

सदरा वर करायला लावला. छातीपोटावर फिकट लाल ठिपके होते; खिडकीशी नेलं तेव्हा कुठे दिसले. काख, जांघ नीट चाचपली. प्लेगची गाठ नव्हती, स्क्रब टायफस या बारीक किड्यांच्या चाव्यातून येणाऱ्या तापात कधी सापडते तशी काळी खपलीही नव्हती. मग पँट वर सारली, तर घोट्यांभोवती चावेच चावे, खाजवून सोललेले.

"मामा, गोदामात उंदीर पडलेत का हो?"

"पडलेत म्हंजी? मालकानं औषध टाकलं, पोत्यांमागं ढीग लागला. वीस दिस झालं असतील. तवापासनं रातचं कायतरी चावतंय बघा."

तिथेच उलगडा झाला. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि जवळ मिळेल त्या उबदार अंगावर चढतात. हा म्यूरिन टायफस, उंदरांच्या पिसवांमधून माणसाला येणारा ताप. त्याचे जंतू पिसवेच्या विष्ठेत असतात. चावा खाजवताना आपणच ते नखांनी आत घालतो. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लगेच सुरू केलं. रक्त तपासायला पाठवलं, पण या आजारात रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं.

दुपारी पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून, पँट त्यात खोचून गोदामात गेलो. दोन थप्प्यांच्या मधल्या बोळात पाच मिनिटं उभा राहिलो. मोज्यांवर अकरा पिसवा मोजल्या. तांबूस, बाजूंनी चपट्या. एक चिमटीत धरून दाबली, तर सोडताच उडी मारून गेली. दोन नखांत चिरडली तेव्हा मेली.

इथून जवळच, मांडवीत, १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला. तो पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवलं. लोकांना मात्र 'उंदीर पडले की घर सोडायचं' एवढं पुरतं ठाऊक होतं. इतकं सोसलेल्या या वस्तीत आज नुसतं विष टाकून मोकळं होतात, याचा मला फार राग आला.

महापालिकेच्या कीटकनाशक खात्यातला जुना कामगार आला. त्याला काही समजवावं लागलं नाही. त्याने बिळांच्या तोंडाशी, भिंतीलगतच्या उंदरांच्या वाटेवर कीटकनाशक पूड पसरली. उंदीर तिच्यातून जातो, केसांना लागलेली पूड स्वतःच बिळात नेतो. "पूड आधी, उंदराच्या विषाची गोळी मागनं," तो मालकाला दोनदा म्हणाला. गोदामातल्या आणखी दोघांना ताप होता. त्यांनाही त्याच दिवशी औषध दिलं.

तिसऱ्या दिवशी मामा स्वतःच्या पायांनी आले. ताप नव्हता, भूक लागली होती.

पूड टाकल्यावर आठवड्याने तेच मोजे घालून मी पुन्हा त्या बोळात उभा राहिलो. दोन सापडल्या. मालकाला म्हटलं, "शेठ, गोळ्या अजून टाकू नका."